लागते किती, घेतो किती?

आयर्लंड हे नाव आपल्या वाचकांना नवीन नाही. इस्रायलचे सहावे राष्ट्राध्यक्ष हाईम हर्झोग यांचा जन्म 1918 साली बेलफास्ट येथे झाला आणि त्यांचे बालपण डब्लिन शहरात गेले. त्यांचे वडील रब्बी इसहाक हर्झोग हे तेथील मुख्य रब्बी होते. आज इस्रायल आणि आयर्लंड यांच्या सरकारांचे फारसे पटत नाही, हेही सर्वांना ठाऊक आहे. पण तो आजचा विषय नाही. या देशाने एका साध्या पिशवीबाबत काय केले, त्यातून काय साधले आणि काय साधायचे राहून गेले, एवढेच आम्हाला सांगावयाचे आहे. कारण त्यातून जो प्रश्न निघतो तो डब्लिनच्या गृहिणीपुरता नाही. अश्दोद, लोद, दिमोना किंवा लंडन, जेथे जेथे आपली घरे आहेत तेथे तेथे तो लागू पडतो.

गेले शतक संपत आले तेव्हा आयर्लंडमधील दुकानांतून दरवर्षी सुमारे 120 कोटी प्लॅस्टिकच्या पिशव्या फुकट वाटल्या जात. माणशी हिशेब केला तर वर्षाला 328 पिशव्या. म्हणजे तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला जवळजवळ रोज एक. दुकानातून घरापर्यंत काही मिनिटे वापरायची आणि फेकून द्यायची. वाऱ्याने उडून त्या कुंपणांत आणि झाडांच्या फांद्यांत अडकत आणि तेथे महिनोन्‌महिने फडफडत राहत. लोक थट्टेने त्यांना 'चेटकिणींच्या चड्ड्या' म्हणत. प्लॅस्टिक हे खनिज तेल आणि वायू यांपासून बनते. ते पाल्यापाचोळ्यासारखे कुजत नाही, त्याचे फक्त बारीक बारीक तुकडे होत जातात आणि ते माती, नद्या आणि समुद्र यांत साठत राहतात.

4 मार्च 2002 रोजी, नोएल डेम्प्सी हे पर्यावरणमंत्री असताना, सरकारने अशा प्रत्येक पिशवीवर 15 सेंट कर बसवला. दुकानदाराने हा कर स्वतःच्या पदरचा भरावयाचा नाही, तो गिऱ्हाइकाकडूनच घ्यावयाचा आणि पावतीवर वेगळा दाखवावयाचा, असा नियम होता. जमलेला पैसा पर्यावरणाच्या कामासाठी काढलेल्या निधीत जाई. परिणाम असा झाला की पिशव्यांचा वापर थोड्याच काळात नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. माणशी 328 होत्या त्या 21 वर आल्या. पुढे लोकांना 15 सेंटची सवय होऊ लागली, आकडा हळूहळू तिसाच्या घरात गेला, तेव्हा 1 जुलै 2007 पासून कर 22 सेंट करण्यात आला आणि वापर पुन्हा खाली आला.

येथे विचार करण्यासारखी गोष्ट अशी की 15 सेंटने कोणी भिकेला लागत नाही. जो माणूस शंभर युरोंचा बाजार करतो त्याला त्या नाण्याचे काय वाटणार? मग एवढा फरक का पडला? आमच्या मते त्या नाण्याचे बळ त्याच्या किमतीत नव्हते, त्याने विचारायला लावलेल्या प्रश्नात होते. पूर्वी पिशवी आपोआप हातात येई. घेणाऱ्याने मागितलेली नसे आणि देणाऱ्याने विचारलेले नसे. 4 मार्चनंतर प्रत्येक दुकानात प्रत्येक वेळी एक प्रश्न उभा राहू लागला, "पिशवी हवी का?" आणि एकदा प्रश्न कानी पडला की बहुतेकांच्या ध्यानात येई की, नको, हातात मावते आहे.

याच्या उलट आपल्या जुन्या मुलखाचे उदाहरण पाहा. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. शहर बुडाले आणि शेकडो माणसे दगावली. त्या पुराची कारणे पुष्कळ होती, पण नाले आणि गटारे तुंबण्यास प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी मोठा हातभार लावला हे सर्वांनी पाहिले. पुढे 2018 साली महाराष्ट्र सरकारने अशा पिशव्यांवर सरसकट बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये, दुसऱ्याला 10,000 रुपये आणि तिसऱ्याला 25,000 रुपये व तीन महिन्यांची कैद, असा कडक कायदा झाला. तरीही भाजीबाजारातून त्या पिशव्या गेल्या नाहीत. पाच हजारांचा दंड क्वचित कोणाला होतो, आणि तो दुसऱ्या कोणाला तरी होणार असे प्रत्येकाला वाटते. पंधरा सेंट मात्र प्रत्येकाला प्रत्येक वेळी द्यावे लागत. माणसाच्या सवयीला मोठ्या धाकापेक्षा रोजची छोटीशी टोचणी अधिक वळण लावते असे दिसते.

यावर कोणी म्हणेल की नाणे वाचवण्यासाठी घरून पिशवी नेली, त्यात पुण्य ते कसले? हा आक्षेप पोकळ नाही. चांगुलपणा मनातून यावा, हिशेबातून येऊ नये, असे आपण सर्वच मानतो. पण आपण मुलांना वाढवतो ते कसे? आधी रागावून, लालूच दाखवून, पुन्हा पुन्हा सांगून हात धुवायला लावतो. काही वर्षांनी तोच मुलगा न सांगता हात धुतो, आणि मग त्याला न धुता जेवणेच चमत्कारिक वाटते. आयर्लंडमध्ये असेच घडले. काही काळाने प्लॅस्टिकची पिशवी घेऊन रस्त्याने जाण्याचा लोकांना संकोच वाटू लागला. बाहेरून आलेली सवय आत मुरते, आणि तिला कोणी कमी प्रतीची मानू नये.

पण ती सवय ज्या गोष्टीसाठी लावली, तेवढ्यापुरतीच राहिली तर? आयर्लंडच्या गोष्टीचा दुसरा भाग येथे सुरू होतो आणि तो पहिल्याइतका सुखाचा नाही. युरोपीय संघाच्या आकडेवारीप्रमाणे 2021 साली खोकी, डबे, बाटल्या, वेष्टने अशा बांधणीच्या सामानाचा कचरा संघात माणशी सरासरी 188.7 किलो झाला. सर्वांत जास्त कोठे झाला? आयर्लंडमध्ये, माणशी 246.1 किलो. ज्या देशाने पिशवी हातातून सोडली, त्याच देशाच्या घरात बाकीचे सर्व वाढतच गेले. नाणे फक्त पिशवीवर होते, म्हणून प्रश्नही फक्त पिशवीपुरताच विचारला गेला. पिशवीत काय भरले आहे, हे कोणी विचारले नाही.

हा तो देश आहे, जेथे 1845 ते 1852 च्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. पुढेही पिढ्यान्‌पिढ्या तेथील तरुण पोटासाठी परदेशी जात राहिले, आणि 1990 नंतर तेथे सुबत्ता आली. ज्यांनी उपासमार पाहिली ते लोक काटकसरी राहतील असे आपल्याला वाटते. पण अनुभव निराळा आहे. ज्याने उणीव पाहिली तो साठवतो. भरलेले कपाट पाहून त्याच्या मनाला धीर येतो. आपणही देश सोडून आलेले लोक आहोत, तेव्हा हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. चाळीच्या एका खोलीत एका कपाटावर ज्यांनी दिवस काढले, त्यांच्या मुलांच्या घरी आज कपाटे पुरत नाहीत, आणि मायदेशी जाताना बॅगा भरून वस्तू नेल्या नाहीत तर आपण तेथे सुखी आहोत हे नातेवाइकांना कसे कळणार, अशी चिंता लागते.

चांगुलपणाचीसुद्धा साठवण होते. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की सुती पिशवी बनवताना हवामानावर जो भार पडतो, तो साध्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीइतका खाली आणायचा तर ती सुती पिशवी निदान 131 वेळा वापरावी लागते. आता ज्या घरात अशा वीस-पंचवीस पिशव्या दारामागे लोंबत आहेत, त्या घराने निसर्गाचे भले केले की नव्या प्रकारे खरेदी केली?

या संदर्भात आपल्या पूर्वजांची आठवण होते. कोकणात आपल्याला शनवार तेली म्हणत. रेवदंडा, पेण, अलिबाग या बाजूच्या गावांतून आपले घाणे चालत, आणि तेल घ्यायला येणारे गिऱ्हाईक घरून आपले भांडे घेऊन येई. तेल तेल्याचे आणि बुधली गिऱ्हाइकाची, असा व्यवहार होता. पुढे मुंबईतही वाण्याच्या पुडीचा दोरा गुंडाळून ठेवला जाई, भांड्यांना कल्हई लावली जाई, जुन्या लुगड्यांची गोधडी होई आणि उरलेले कपडे बोहारणीला देऊन भांडे घेतले जाई. म्हणून ते लोक आपल्यापेक्षा सत्त्वशील होते असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्याजवळ होतेच थोडे. टंचाईत जे सहज जमत होते ते भरपूर असताना स्वखुशीने करता येईल का, हा खरा प्रश्न आहे, आणि तो त्यांना कधी पडला नव्हता. तो आपल्या वाट्याला आला आहे.

शास्त्राने या प्रश्नाची दिशा फार पूर्वी दाखवली आहे. अनुवादाच्या विसाव्या अध्यायात, नगराला वेढा घातला असतानाही फळझाडे तोडू नयेत अशी आज्ञा आहे. रामबाम यांनी तिचा अर्थ विस्तारून सांगितला की भांडी फोडणे, वस्त्रे फाडणे, अन्नाची नासाडी करणे, हेही त्याच मनाईत येते. आता आपल्यापैकी कोणी भांडे हातात घेऊन फोडत नाही. पण जे एकदाच वापरून फेकण्यासाठी बनले आहे ते आपण विकत घेतो, तेव्हा फोडण्याचे काम आपण दुसऱ्याकडून आगाऊ करून घेतो, असे आम्हाला वाटते.

इस्रायलमध्ये काय झाले ते वाचकांनी स्वतः पाहिले आहे. 2017 च्या जानेवारीपासून मोठ्या दुकानांत पिशवीला 10 अगोरोत द्यावे लागू लागले आणि तेथे पिशव्या झपाट्याने कमी झाल्या. बाटल्यांची अनामत तर आपल्याकडे 2001 पासून आहे. आयर्लंडने ती 1 फेब्रुवारी 2024 रोजी सुरू केली, लहान बाटलीला व डब्याला 15 सेंट आणि मोठ्याला 25. या बाबतीत आपण पुढे होतो. पण 2021 च्या नोव्हेंबरात एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले आणि चमचे यांवर किलोला 11 शकेल कर आला, तेव्हा मोठा गदारोळ झाला आणि 2022 च्या अखेरीस आलेल्या नव्या सरकारने तो काढून टाकला. ज्यांच्या घरी दहा-बारा माणसे जेवतात आणि मिळकत थोडी, त्यांच्यावर हा भार अन्यायाचा आहे, ही तक्रार खरी होती. दुसरीही एक गोष्ट खरी आहे. शब्बाथ संपल्यावर मोरीत जो भांड्यांचा ढीग पडतो तो बहुधा एकाच व्यक्तीने उपसावयाचा असतो, आणि ती व्यक्ती घरची बाई असते. कागदी ताटलीने तिची पाठ थोडी हलकी केली. तिला पर्यावरणाचे व्याख्यान देण्यापूर्वी तिच्या शेजारी उभे राहून चार ताटे विसळावीत हे बरे.

आयर्लंडच्या नैर्ऋत्येस किलार्नी नावाचे एक लहान शहर आहे. तेथील दृष्टान्त आम्हाला सर्वांत आवडला. 2023 च्या जुलैअखेर तेथील कॉफीच्या दुकानदारांनी आणि हॉटेलवाल्यांनी आपापसांत ठरवले की फेकायचे पेले देणे बंद करायचे. ज्याला कॉफी बाहेर न्यायची असेल त्याने स्वतःचा पेला आणावा, नाहीतर 2 युरो अनामत ठेवून पुन्हा वापरायचा पेला घ्यावा आणि कोणत्याही सभासद दुकानात परत करावा. सरकारने सक्ती केली नव्हती. एकट्या दुकानदाराने हे केले असते तर गिऱ्हाईक शेजारी गेले असते. सर्वांनी मिळून केले म्हणून ते झाले.

आपल्या समाजाला हे जमण्यासारखे नाही काय? आपल्या सभागृहांत मलिदा होतो, बारशी होतात, लग्ने होतात. एलियाहू हन्नाबीच्या नावाने केलेला मलिदा आपण श्रद्धेने वाटतो आणि तासाभरात त्याच्या ताटल्यांच्या चार काळ्या पिशव्या बाहेर ठेवतो. प्रत्येक सभागृहाने शंभर-दीडशे स्टीलची ताटे एकदाच घ्यावीत, ती घासण्याची पाळी लावावी आणि त्या पाळीत पुरुष व तरुण मुले यांची नावे आधी लिहावीत. कोणत्याही एका घरावर बोजा पडणार नाही आणि गरीब-श्रीमंत हा भेदही उरणार नाही.

बाकी राहिला तो घरातला प्रश्न. तेथे पावतीवर वेगळा आकडा दाखवणारा कोणी नाही. नवा सदरा, दुसरा मोबाईल, स्वस्त मिळाले म्हणून उचललेले सहा पेले, यांवर कोणतेही सरकार 15 सेंट बसवू शकणार नाही, आणि बसवू नये असेच आम्हाला वाटते. तेवढा प्रश्न माणसाने स्वतःलाच विचारावा. दुकानात हात पुढे जाण्याआधी क्षणभर थांबून, हे लागणार आहे का, एवढे मनाशी म्हणावे. उत्तर पुष्कळदा 'हो' येईल, आणि मग आनंदाने घ्यावे. ज्या वेळी 'नाही' येईल त्या वेळी हात मागे घेता आला पाहिजे.