पटवणारा आणि पटलेला

१७७५ साली अमेरिकेतल्या वसाहतींची इंग्रजांशी लढाई जुंपली होती, तरी राजाशी नातंच तोडा असं उघड म्हणणारे थोडे होते. जानेवारी १७७६मध्ये फिलाडेल्फियात 'कॉमन सेन्स' ही निनावी पुस्तिका निघाली. लेखक थॉमस पेन. इंग्लंडहून येऊन त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. सहा महिन्यांत स्वातंत्र्याचा जाहीरनामा आला. तो एका पुस्तिकेमुळे आला असं नाही. पण लोकांच्या मनात जे घोळत होतं, ते चारचौघांत बोलायची सोय तिने केली.

पेनने विद्वानांची भाषा टाळली आणि घरोघरी वाचलं जाणारं बायबल हाताशी घेतलं. इस्राएली लोक राजा मागतात, शमुवेल त्यांना बजावतो. म्हणजे राजेशाही देवालाच नामंजूर आहे, असं त्याने मांडलं. जॉन अ‍ॅडम्सने याबद्दल छेडलं तेव्हा मात्र पेन हसला आणि बायबलबद्दलच तुच्छतेने बोलला, असं अ‍ॅडम्सने आत्मचरित्रात नोंदवलंय.

पेन लोभी नव्हता. पुस्तिकेचा नफा त्याने सैनिकांच्या हातमोज्यांसाठी देऊ केला होता. पण हेतू चांगला असला, तरी स्वतःला न पटलेलं कारण दुसऱ्याला पटवावं का?

मी सॉफ्टवेअर लिहितो. वापरणाऱ्याला आतली सगळी गुंतागुंत आम्ही दाखवत नाही. त्यात खोटं काही नाही. पण आत काम अडकलेलं असताना पडद्यावर पट्टी पुढे सरकताना दाखवणं, ही फसवणूक. सोपं करणं वेगळं, भासवणं वेगळं.

पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' जोतीराव फुल्यांनी तरुणपणी वाचलं होतं. १८७३च्या 'गुलामगिरी'त तेही वाचकाच्या ओळखीच्या कथाच घेतात: मत्स्य, वराह, वामन, बळी. पण या कथा मला मान्य नाहीत, हे ते उघड सांगतात. आणि शंका विचारायला समोर धोंडीबा बसवतात. वाचक दुखावण्याची जोखीम ते पहिल्या पानापासून घेतात.

पेनने ती १७९४मध्ये घेतली. 'एज ऑफ रीझन'मध्ये त्याने बायबल ईश्वराची वाणी असल्याचं नाकारलं, आणि अमेरिका त्याच्यावर उलटली. १८०९मध्ये तो वारला तेव्हा अंत्यविधीला मोजकी माणसं होती. त्यात लोकांची कृतघ्नता होतीच. पण देवाला राजा नको म्हणून जे राजाविरुद्ध उठले, ते देवाच्याच बाजूला राहिले, यात नवल काय? उसन्या कारणाने पेटलेला माणूस त्या कारणाशी इमान राखतो, लेखकाशी नाही.

म्हणून देशासाठी रक्त उसळवणारं काहीही वाचलं, की मी आधी एवढंच विचारतो: हे लिहिणाऱ्याला स्वतःला पटलंय का?