मेलेला माणूस चांगला नव्हता, तर?

विश्वासातल्या नोकराने मालकाला विष देऊन मारले असे ऐकले की चार माणसे हळहळतात. पण मालक कसा होता हे कळताच त्यांतलीच दोघे म्हणतात, "पेरले तसे उगवले." हे वाक्य आपल्याही घरांत सहज बोलले जाते. म्हणून अमेरिकेतील एक जुना खटला वाचकांपुढे ठेवतो.

विल्यम मार्श राइस हा टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरात व्यापारावर गबर झालेला माणूस. म्हातारपणी तो न्यूयॉर्कला राही. पत्नी वारलेली, मूलबाळ नाही. सोबतीला चार्ल्स जोन्स हा तरुण नोकर. म्हाताऱ्याचे खाणेपिणे, औषधपाणी, पत्रव्यवहार, सारे त्याच्या हाती. राइसची संपत्ती ह्यूस्टनमध्ये काढायच्या एका शिक्षणसंस्थेला जायची होती. अल्बर्ट पॅट्रिक नावाच्या वकिलाने जोन्सला फितवले आणि खोटे मृत्युपत्र तयार केले. जोन्सने आधी म्हाताऱ्याला पाऱ्याच्या गोळ्या दिल्या. सप्टेंबर १९०० मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर मोठे वादळ झाले. राइसच्या तेलगिरणीचे नुकसान झाले आणि दुरुस्तीसाठी तो मोठी रक्कम पाठवणार असे दिसू लागले. हातचा पैसा जाईल म्हणून दोघांना घाई झाली. २३ सप्टेंबरला ८४ वर्षांचा राइस झोपलेला असताना आपण क्लोरोफॉर्मने भिजवलेला स्पंज टॉवेलात घालून त्याच्या तोंडावर ठेवला, अशी कबुली जोन्सने पुढे दिली.

दुसऱ्याच दिवशी २५,००० डॉलरचा चेक बँकेत गेला. त्यावर वकिलाच्या 'अल्बर्ट' या नावातले 'एल' अक्षर राहून गेले होते! शुद्धलेखनाला कंटाळणाऱ्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी. बँकेला संशय आला आणि सारे उघडकीस आले.

आता दुसरी बाजू. हा राइस १८६० साली १५ गुलामांचा मालक होता. आपली संस्था त्याने फक्त गोऱ्यांसाठी ठेवली होती. सनदेतच तसे लिहिले होते. हे वाचल्यावर आपल्या मनातली हळहळ आटते. माझीही आटली. ज्यांच्या वाडवडिलांना पाणवठ्यावरून हाकलले, त्यांना या म्हाताऱ्यासाठी रडायला कोण सांगणार?

पण जोन्सने तो स्पंज त्या पंधरा जणांसाठी भिजवला होता काय? त्या खोट्या मृत्युपत्राचा मोठा लाभ वकिलाच्या घशात जायचा होता. या खुनाने कोणत्या काळ्या माणसाच्या मुलाला शाळा मिळाली? मग त्या खुनाला न्याय म्हणायचा आपल्याला काय अधिकार?

'पेरले तसे उगवले' म्हणणारा माणूस जोन्सच्या हातातला टॉवेल काढून घेतो आणि नियतीच्या हातात देतो. मारणारा मोकळा, मरणाराच दोषी. हे तर्कशास्त्र आपल्याला नवे नाही. तुम्ही मागच्या जन्मी पाप केले म्हणून या जन्मी गावकुसाबाहेर आलात, असे आपल्या आजोबा-पणजोबांना सांगितले जाई. ज्याने मारले, ज्याने पाणी नाकारले, त्याच्याकडे कोणी बोट दाखवायचे नाही; सारा दोष मार खाणाऱ्याच्या पूर्वकर्माचा. ती शिकवण आपण १९५६ साली नागपूरला सोडली. मग राइसच्या बाबतीत तीच फूटपट्टी पुन्हा हाती का धरायची? पहिले शील घेताना आपण चांगली माणसे आणि वाईट माणसे अशी यादी करत नाही.

कोणी म्हणेल, जोन्स बिचारा नोकर, सांगेल ते करणारा. पण पॅट्रिक त्याचा मालक नव्हता. त्याला 'नाही' म्हणायला अवकाश होता. गोळ्या देताना होता, क्लोरोफॉर्म हाती घेतानाही होता. कोर्टात साक्ष दिली म्हणून तो सुटला. पॅट्रिकला १९०२ साली मृत्युदंड ठोठावला गेला, १९०६ साली तो जन्मठेपेवर आला आणि १९१२ साली त्याला माफीही मिळाली. मृत्यू कशाने झाला यावर डॉक्टरांत शेवटपर्यंत वाद राहिला.

त्याच १९१२ साली राइसची संस्था उघडली. काळ्या विद्यार्थ्यांना तिचे दार बंदच होते. पुढे १९६३ साली विश्वस्तच कोर्टात गेले, आणि १९६४ साली ती अट मोडण्याची परवानगी त्यांना मिळाली.