जमिनीपासून दोन बोटं

लोणारच्या विवरावर धारेच्या झऱ्याच्या बाजूला माणसांची ये-जा फार. काठाकाठानं जरा पुढे या आणि सावलीतला एखादा काळा दगड बघून बसा. पाठ ताठ ठेवायचा हट्ट नको. आज जप नाही, नाम नाही; आज फॉर्म्युला वनच्या गाडीचं मनन करायचंय. हसू आलं तर हसून घ्या. पण वेग, हवा आणि जमीन या तिघांचं एकमेकांशी कसं पटतं, किंवा पटत नाही, हे बघायला महाराष्ट्रात याहून योग्य जागा मला सुचत नाही.

आधी नुसता वारा. तळहात आडवा करून वाऱ्यासमोर धरा. काही वेळ तसाच राहू द्या. आता वाऱ्याकडची कड किंचित खाली झुकवा. वारा जोराचा असेल तर हात खाली रेटला जाईल. कड वर करा, हात उचलला जाईल. विमानाचा पंख आणि रेसिंगच्या गाडीचा पंख यांच्यातला फरक एवढाच: एकाला वर जायचंय, दुसऱ्याला खाली. वेग दुप्पट झाला की हा रेटा चौपट होतो. घाई नको, दोन-चारदा करून बघा.

मग नजर समोर जाऊ द्या. या काठापासून त्या काठापर्यंत सुमारे 1.8 किलोमीटर. विष्णूनं लवणासुराला इथं मारलं, म्हणून गावात दैत्यसूदनाचं देऊळ. शास्त्राच्या कथेत असुराच्या जागी आकाशातून आलेला दगड आहे. तो कधी आला, पन्नास हजार वर्षांपूर्वी की साडेपाच लाखांहून अधिक, यावर अभ्यासकांचा वाद आहे. आपल्याला आज त्याची वर्षं नकोत, वेग हवा. अंतराळातून येणारी वस्तू वातावरणाच्या तोंडाशी पोचते तेव्हा तिचा वेग सेकंदाला निदान 11 किलोमीटर असतो. त्या वेगानं हे विवर ओलांडायला सेकंदाचा सहावा हिस्सा पुरे. ताशी 300 किलोमीटरनं पळणाऱ्या गाडीला तेवढ्याच अंतराला जवळजवळ 22 सेकंद लागतील. ते 22 सेकंद मनात मोजा आणि नजर या काठावरून त्या काठाकडे सरकवत न्या. आधीच पोचलात तर पुन्हा मोजा.

हवा त्या दगडाच्याही आड आलीच असणार. पण बारके दगड वरच जळून जातात, आणि एवढं मोठं धूड हवेला फारसं जुमानत नाही. या काठावरचे बेसॉल्टचे थर बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, ते त्याच धक्क्यानं. गाडीचं उलट. 2025 च्या नियमात तिचं किमान वजन चालकासकट 800 किलो. एवढ्या वजनावर वळण घ्यायचं तर टायर रस्त्याला दाबून धरायला हवेचीच मदत लागते.

पंख सगळ्यांना दिसतात. 2022 ते 2025 च्या गाड्यांचा खरा कारभार मात्र पोटाखाली होता. गाडीच्या तळाला बोगद्यासारखे दोन मार्ग. हवा त्यात शिरते, जागा अरुंद होते, हवा पळते, तिथला दाब उतरतो आणि गाडी रस्त्याकडे खेचली जाते. कल्पना जुनीच. 1978 मध्ये लोटस 79 नं याच जोरावर मारिओ आंद्रेत्तीला जगज्जेता केलं. पुढे 1983 पासून तळ सपाटच हवा असा नियम आला, आणि चार दशकांनी बोगदे परत आले.

इथं थांबा. तळ आणि रस्ता यांच्यातली जागा डोळ्यांसमोर आणा. दोन बोटं म्हणा. तळ जितका खाली, तितकी ओढ जास्त. पण फारच खाली गेला की हवेचा प्रवाह कोंडतो, ओढ सुटते, गाडी वर उसळते. वर आली की हवा पुन्हा वाहती होते आणि ओढ पुन्हा लागते. 2022 साली गाड्या अशा सरळ रस्त्यावर उड्या मारत पळाल्या. बाकूच्या शर्यतीनंतर मर्सिडीजचा चालक लुईस हॅमिल्टन पाठ धरून गाडीतून उतरला.

म्हणून नवा पंख बसवला की गाडी सुधारली, असं मी मानत नाही. हवेला तळ एका उंचीवर स्थिर हवा, म्हणजे स्प्रिंग कडक हवी. टायरला रस्त्याच्या उंचसखलपणाबरोबर हलायचंय, म्हणजे स्प्रिंग नरम हवी. दोघांचंही खरं. मर्सिडीजनं मे 2023 मध्ये मोनॅकोला गाडी बदलून आणली, तेव्हा गाडीच्या बाजूच्या साइडपॉडांइतकीच नजर पुढच्या सस्पेन्शनवर होती. चाकाला धरणारा वरचा हात गाडीच्या अंगाला जिथं जोडतात, ती जागा वर सरकवली होती. त्या एका हाताकडे मनानं जवळून बघा: कार्बन फायबरचा, बोटांएवढा बारीक, पात्यासारखा चपटा. ब्रेक मारल्यावर नाक किती खाली जाणार हे तो ठरवतो, आणि वाऱ्यातच उभा असल्यानं मागच्या तळाकडे हवा कशी जाणार हेही. पुढच्याच शर्यतीत, स्पेनला, हॅमिल्टन दुसरा आणि त्याचा संघसोबती रसेल तिसरा आला. नुसत्या त्या हातानं नव्हे, अर्थात.

आणि पोटाखाली एक फळी असते, 10 मिलिमीटर जाडीची. शर्यतीत ती घासून 9 पेक्षा कमी भरली की गाडी बाद. ऑक्टोबर 2023 मध्ये ऑस्टिनला हॅमिल्टन आणि दुसऱ्या संघाचा लक्लेर, दोघेही असेच बाद झाले. गाडी किती खाली ठेवायची याचा लोभ एका मिलिमीटरात मोजतात.

आयआयटी मुंबईची पोरं विजेवरची रेसिंग गाडी बांधून सिल्व्हरस्टोनला नेतात. स्प्रिंग किती कडक हा वाद त्यांनाही चुकलेला नाही. 2026 पासून फॉर्म्युला वनचे ते बोगदे नियमानं आटले आणि पंख चालत्या गाडीत हलू लागले. वाद मिटला नाही, जागा बदलली.

पाय आखडले असतील तर उठा. परतताना मेहकरच्या एसटीत मुद्दाम शेवटचं बाक धरा. मागच्या चाकाच्याही मागे असल्यानं तिथं दणके सगळ्यात जास्त. स्प्रिंगचे पाटे कुठे दबतात, कुठे उसळतात, खड्डा संपल्यावरही बस किती वेळ हिंदकळते, याकडे लक्ष ठेवा. आणि समोरची दांडी सोडू नका.