नाव कुणाचं?

तीन वर्षांपूर्वी आमच्या बस्तीत पंचकल्याणक पूजा झाली. ‘तुम्ही लिहिता, तुम्हीच करा,’ असं म्हणून कमिटीनं स्मरणिकेचं काम माझ्या गळ्यात घातलं. मी महिनाभर त्यात बुडाले होते. सौधर्म इंद्र कोण झाले, कुठला सवाल कुणी किती रुपयांना घेतला, मंडप कुणातर्फे, एका वेळचं जेवण कुणातर्फे. देणगीदारांची यादी मी चार वेळा तपासली. एखाद्याच्या वडिलांचं आद्याक्षर चुकलं तरी किती रामायण होतं, हे आपल्याला ठाऊक आहे.

स्मरणिका निघाली आणि दोन दिवसांनी बँडवाले मामा घरी आले. निपाणी भागातल्या आमच्या मिरवणुकांत तीस वर्षं त्यांचं क्लॅरोनेट वाजतंय. मी कौतुकानं अंक पुढे केला. ते एकेक पान उलटत गेले आणि हत्तीच्या फोटोपाशी थांबले. हत्तीच्या पायाशी एका वाद्याचं टोक तेवढं दिसत होतं, वाजवणारा चौकटीबाहेर कापला गेला होता. मामा म्हणाले, “वैनी, हे क्लॅरोनेट माझं हाय. एक प्रत न्हेऊ काय? नातवाला दावतो.”

त्यांनी तक्रार केली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी ती केली नाही, म्हणून ते वाक्य माझ्या मनातून जाईना.

रात्री मी हे ह्यांच्याकडे काढलं. हे कमिटीचे खजिनदार. म्हणाले, “बँडचे पैसे ठरल्यापेक्षा जास्तच दिलेत. मग प्रश्न कुठे आला?”

खरंच, पैसे दिले की हिशोब मिटतो का? त्याच पावसाळ्यात पुण्याच्या भाच्यानं मला नरेश फर्नांडिस यांचं ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ हे पुस्तक आणून दिलं. मुंबईतल्या जाझ संगीताची ती कहाणी. माझा आणि जाझचा काय संबंध? पण चाळताना क्लॅरोनेट दिसलं, मामा आठवले, आणि डिक्शनरी शेजारी ठेवून मी वाचत गेले.

त्यात मिकी कोरिया भेटले. हे सॅक्सोफोन आणि क्लॅरोनेट वाजवायचे. घराणं गोव्याचं, जन्म १९१३चा, तोही आफ्रिकेतल्या मोंबासा बंदरात, आणि वाढले कराचीत. गोव्याची माणसं तेव्हा पोटासाठी कुठं कुठं गेली! पोर्तुगीज अमदानीत तिकडे चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि वाद्य वाजवायला शिकवत. ती विद्या म्हणजे गोवेकरांची शिदोरीच झाली. कोरिया मुंबईला आले आणि १९३९पासून १९६०पर्यंत ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड वाजत राहिला. एकवीस वर्षं! खाली बडे लोक नाचताहेत, जेवताहेत, आणि वर मंचावर हे. १४ ऑगस्ट १९४७च्या रात्री ताजमध्ये स्वातंत्र्याचा जल्लोष झाला, त्या रात्रीही तिथं कोरियांचा बँड होता. २०११ साली, शंभरीच्या जवळ जाऊन ते गेले.

क्लॅरोनेट आणि सॅक्सोफोन, दोन्हींचा जीव एका पातळ पत्तीत असतो. बोरूसारख्या गवताची ती पत्ती ओठांत धरून फुंकली की थरथरते आणि सूर निघतो. ताजमधल्या कोरियांच्या ओठांत जी पत्ती, तीच आमच्या मामांच्या ओठांत. एकाच्या डोक्यावर झुंबर, दुसऱ्याच्या डोक्यावर ऊन, एवढाच फरक.

कोरियांना निदान नाव मिळालं. बँड त्यांच्याच नावानं ओळखला जाई. पण एकवीस वर्षांच्या हजारो रात्रींचं ते वाजवणं बहुतेक सगळं हवेत विरून गेलं.

दुसऱ्या एका वादकाचं नेमकं उलटं झालं. मनोहारी सिंग. १९३१ साली कलकत्त्यात, मूळच्या नेपाळी घरात जन्मले. सुरुवात बाटा कारखान्याच्या बँडमधून, म्हणजे आमच्या मामांसारखीच. बासरी, क्लॅरोनेट, मँडोलिन, सॅक्सोफोन, सगळ्यांत हात. १९५८च्या सुमारास सलील चौधरींमुळे मुंबईला आले आणि पुढे आर. डी. बर्मन यांचा उजवा हात झाले. ‘काश्मीर की कली’तला झिंगलेला शम्मी कपूर आठवा, ‘आराधना’तलं पावसाच्या रात्रीचं, शेकोटीपुढचं गाणं आठवा. त्यांतला तो घुमणारा, अंगावर काटा आणणारा सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा.

भिशीत मी मैत्रिणींना ‘आराधना’चं ते गाणं ऐकवलं आणि विचारलं, काय काय आठवतं? किशोरकुमार, सचिनदा, राजेश खन्ना, शर्मिलाच्या अंगावरच्या ब्लँकेटचा रंगसुद्धा सगळ्यांना आठवला. मग विचारलं, हे वाद्य कोण वाजवतंय? सगळ्या गप्प. एक म्हणाली, “अगं, ते म्युझिक आहे!” जणू म्युझिक आपोआप वाजतं, नळाला पाणी येतं तसं.

पाणीही कुणीतरी सोडत असतं, बाई.

एकाचं नाव राहिलं, सूर गेले. दुसऱ्याचे सूर घरोघरी पोचले, नाव वाटेतच राहिलं. आणि हे एकट्याचं नाही. सिनेमाच्या पाट्यांवर संगीतकार, गीतकार, गायक यांची नावं असत, पण स्वरलिपी मांडून शेकडो गाणी सजवणाऱ्या आणि वाजवणाऱ्या किती गोवेकरांची नावं तुम्हाला ठाऊक आहेत? गोव्याच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस घ्या. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूची आठवण म्हणून ‘अमर अकबर अँथनी’च्या गाण्यात त्यांचं नाव गुंफलं. १९७७पासून सारा देश ते नाव गातोय, पण नावापलीकडचा व्हायोलिनवाला माणूस कितीजणांना माहीत आहे?

काहींनी तर नावच बदललं. हळदोण्याचे अँतोनिओ झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ झाले. पारशी घरातले कावसजी खटाव सॅक्सोफोन हातात घेतल्यावर ‘रूडी कॉटन’ झाले. वाचताना मला हसू आलं, मग थांबलं. लग्नात माझंही नाव तांदळात बोटानं लिहून बदललंच की. माहेरच्या नावानं हाक मारणारं आता एकच माणूस उरलंय. त्या वादकांनी नाव निदान स्वतःच्या कामासाठी बदललं. आपल्यापैकी कितीजणींना कुणी विचारलं होतं?

ही नावाची गोष्ट डोक्यात घोळत असतानाच दशलक्षण पर्व आलं. उत्तम मार्दवाच्या दिवशी स्वाध्यायात विषय निघाला तो मानाचा. क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांतला मान भल्याभल्यांना सुटत नाही. एक ताई म्हणाल्या, “नावात काय आहे? काम करावं आणि विसरावं. बिननावाचं दानच श्रेष्ठ.” सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. पण आत काहीतरी टोचत राहिलं. ज्या भिंतीला टेकून आम्ही बसलो होतो, तिच्यावर संगमरवरात नावांची पाटी होती. आणि मार्दवाचा उपदेश कुणाला करायचा? तर स्वयंपाकघरात पाचशे माणसांचं जेवण करणाऱ्या बायकांना, आणि बँडवाल्यांना.

गुप्तदान श्रेष्ठ, हे मला पूर्ण मान्य आहे. पण ते गुप्त ठेवायचं की नाही, हे देणाऱ्यानं ठरवायचं असतं. घेणाऱ्यानं परस्पर ठरवलं, तर त्याला काय म्हणायचं? आपल्याकडे चोरीची व्याख्या फार बारीक आहे. कुलूप फोडलं पाहिजे असं नाही. जे दिलेलं नाही ते घेणं, अदत्तादान, हीच चोरी. मामांनी आम्हाला सूर दिले, त्याची मजुरी घेतली. मनोहारी सिंग यांनीही घेतली असेल. पण मजुरी श्रमाची होती. ‘हे मी केलं’ हे सत्य त्यांनी विकलं नव्हतं आणि दानही दिलं नव्हतं. ते आपण न विचारताच ठेवून घेतलं. माझं नाव गाजावं असं वाटणं हा माझा कषाय, तो मी घालवायचा. दुसऱ्याचं नाव गिळणं मात्र मार्दव नव्हे. दोन्ही गोष्टी एकाच शब्दाखाली झाकल्या की आपली सोय होते, एवढंच.

श्रवणबेळगोळला बाहुबलींच्या पायाशी जो जुना मराठी लेख आहे, त्यातलं क्रियापद आठवा. ‘करवियले’. चावुंडरायांनी करवलं. ‘केले’ म्हटलेलं नाही, हा त्या ओळीचा प्रामाणिकपणा. करवणारा वेगळा, करणारे हात वेगळे, हे मराठी भाषेनं तेव्हाच मान्य केलं. आणि समोरच ती गुळ्ळकायज्जी उभी आहे. चावुंडरायांच्या घागरींनी अभिषेक पुरा होईना, तो हिच्या फळाच्या करवंटीतल्या दुधानं झाला, अशी कथा. राजमंत्र्याचा मान उतरवणारी म्हातारी! पण तिला नाव मिळालं तेही हातातल्या फळाचं. तिचं स्वतःचं नाव काय होतं?

सॅक्सोफोन या वाद्याला मात्र बनवणाऱ्याचं नाव आहे. बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्स यांनी १८४६मध्ये त्याचं पेटंट घेतलं. नाव जगभर झालं, आणि सॅक्स स्वतः दिवाळं निघून गरिबीतच गेले. तेव्हा नुसतं नाव म्हणजे सगळा न्याय, असंही मी म्हणत नाही. नावानं पोट भरत नाही, आणि पैशानं नावाची फेड होत नाही. दोन्ही देणी वेगवेगळी आहेत आणि दोन्ही चुकती करावी लागतात.

यंदाच्या वार्षिक अहवालात चूक सुधारायची असं मी ठरवलं. कमिटीनं कुरकूर केली, पण अर्धं पान दिलं. लिहायला बसले आणि पेन थांबलं. तीस वर्षं ज्यांना मामा म्हटलं, त्यांचं नाव मलाच माहीत नव्हतं! म्हणजे तेव्हा छापायचं मनात आलं असतं, तरी मी छापू शकले नसते.

मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. मी निघताना म्हणाले, “वैनी, वडलांचंबी घाला. शिकिवलं त्येनी.” बाकीच्या सहा जणांचीही नावं लिहून दिली, ढोलवाल्या पोराचं पहिलं.

ती नावं अहवालात आली. इथं या पुस्तकात मी ती देत नाही. मामांनी नाव दिलं ते अहवालासाठी, पुस्तकासाठी मी त्यांना विचारलेलं नाही. न विचारता नाव पुसणं ही चोरी असेल, तर न विचारता छापणं तरी काय वेगळं? पुढच्या आवृत्तीआधी जाऊन विचारीन.