कागदावर नसलेले ऋण

शास्त्रपाठ : २ राजे ४:१-७



जून महिना जवळ आला की आमच्या बुऱ्हाणपुरात उपासनेनंतरचे बोलणे बदलते. एरवी पॉवरलूमचा धंदा, केळीचा भाव, तापीचे पाणी या गोष्टी निघतात. या दिवसांत मात्र फी, वसतिगृह, प्रवेश आणि बँक हेच शब्द कानी पडतात. कोणाचे मूल इंदूरला जायचे असते, कोणाचे भोपाळला, कोणाचे पलीकडे जळगावला. आनंद असतो, पण त्या आनंदाच्या पोटात काळजी असते.

अशाच एका रविवारी मंडळीतील एक बंधू मागे थांबले. ते लूमवर काम करतात. त्यांनी खिशातून घडी घातलेला बँकेचा अर्ज काढला आणि हलक्या आवाजात विचारले, "पाळकसाहेब, कर्ज काढणे पाप आहे काय? आजवर मी कोणाचा एक पैसा ठेवला नाही." त्यांची मुलगी दारापाशी उभी होती. आमच्या शब्बाथ शाळेत ती लहान मुलांचा वर्ग घेते. तिला इंदूरला परिचारिकेच्या पदवीसाठी प्रवेश मिळत होता.

उत्तर देण्यापूर्वी माझीच मान खाली गेली. तीन वर्षांपूर्वी ही मुलगी बारावी झाली, तेव्हा हेच बंधू माझ्याकडे आले होते. तिचा भाऊ त्या वेळी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि दोघांची फी घरात झेपत नव्हती. मी म्हणालो होतो, "आधी मुलाचे होऊ द्या. मुलगी थोडी थांबेल." हे बोलायला मला अर्धा मिनिटही लागला नाही. ती मात्र तीन वर्षे थांबली. दिवसा कापडाच्या दुकानात उभी राहिली, संध्याकाळी शिकवण्या केल्या, आणि त्या पैशातून भावाच्या खाणावळीचे बिल जात राहिले. आईच्या बांगड्या त्याआधीच गेल्या होत्या. भाऊ शिकला, पुण्याला नोकरीस लागला. बहिणीने दिलेल्या पैशांचा हिशेब कोणी लिहून ठेवला नव्हता.

आता आपल्या शास्त्रपाठाकडे वळू. संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एकाची विधवा अलीशाकडे आली. तिचा पती देवाचे भय बाळगणारा होता, तरीही तो कर्ज ठेवून मेला होता, आणि सावकार तिचे दोन मुलगे दास म्हणून न्यायला आला होता. अलीशाने तिला दोष दिला नाही. कर्ज का काढले, असेही विचारले नाही. तुझ्या घरात काय आहे, एवढेच त्याने विचारले. घरात तेलाची एक कुपी होती. शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, आणि थोडकी आणू नकोस, असे त्याने सांगितले. मुले भांडी देत गेली, ती ओतत गेली, आणि भांडी संपली तेव्हा तेल थांबले. मग तेल विकून आधी कर्ज फेड व उरलेल्यावर तू व तुझी मुले निर्वाह करा, अशी त्याने आज्ञा केली. या गोष्टीतून तीन विचार मी आपल्यापुढे ठेवतो.

पहिला विचार : कर्ज लपवू नये, मोजावे.

देवभीरू माणसाच्या घरातही कर्ज असू शकते. म्हणून शिक्षणासाठी कर्ज घेणारा बाप अविश्वासी ठरत नाही. परंतु बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे आपल्या प्रभूने लूक १४:२८ मध्ये शिकविले आहे. पुष्कळ घरांत हे बसणेच होत नाही. बाप चिंता एकटा वाहतो, आई दागिने मुकाट्याने काढून देते, आणि मुलाला वाटते की पैसे कोठून तरी येतातच.

म्हणून हिशेब मांडू. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दर वर्षाच्या आरंभी १ लाख रुपये बँकेकडून घेतले आणि व्याज सरळ १० टक्के धरले. शिक्षण चालू असताना व नंतर साधारण एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. पण हप्ता थांबला म्हणजे व्याज थांबले असे नव्हे. पाच वर्षांच्या शेवटी त्या ४ लाखांवर १ लाख ४० हजार व्याज चढलेले असते, आणि फेड सुरू होते ती ५ लाख ४० हजारांची. हेच व्याज घरच्यांनी शिक्षणकाळात व नंतरच्या त्या वर्षातही भरत नेले, तर पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे ८३३ रुपये पडतात. चौथ्या वर्षी ते सुमारे ३,३३३ होतात. मग फेडीच्या वेळी मुद्दल तेवढे उरते. हा दर केवळ उदाहरणाचा आहे. आपल्या बँकेचा दर विचारून हाच हिशेब घरात सर्वांसमोर मांडावा.

सावकाराकडे जाण्यापूर्वी बँकेचा दरवाजा ठोठवावा. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने 'पीएम-विद्यालक्ष्मी' योजना मंजूर केली. यादीतील उत्तम संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळाल्यास तीत तारण व जामीनदार यांवाचून कर्ज मिळते. वर्षाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आणि दुसरी सरकारी सवलत न घेणाऱ्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात ३ टक्के व्याजसवलतही आहे. आमच्या मध्य प्रदेशात २०१७ पासून 'मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना' चालते. राज्य मंडळाच्या बारावीत ७० टक्के गुण मिळविणाऱ्या मुलांची ठरावीक अभ्यासक्रमांची फी तीतून भरली जाते. उत्पन्नाची व संस्थेची अट मात्र आधी विचारून घ्यावी. अज्ञानामुळे हक्काची मदत सोडून देणे ही काही नम्रता नव्हे.

दुसरा विचार : घेतलेले फेडावे, आणि फेडण्याजोगे व्हावे.

आधी कर्ज फेड, मग उरलेल्यावर राहा, हा क्रम अलीशाचा आहे. आपण पुष्कळदा तो उलटा करतो. नोकरी लागताच मोटारसायकल येते, मोठा मोबाईल येतो, आणि हप्ता मागे राहतो. दुर्जन उसने घेतो व परत करीत नाही, या अर्थाचे वचन स्तोत्र ३७ मध्ये आहे. एकाने हप्ते बुडविले की सही केलेल्या बापाला बँकेच्या दारात उभे राहावे लागते.

आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात याची चांगली उदाहरणे आहेत. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, तेव्हा वाटखर्चासाठी त्यांच्यापाशी 'स्त्रीधर्मनीति' या स्वतःच्या पुस्तकाचे पैसे होते. घरात काय आहे, या प्रश्नाला त्यांचे उत्तर म्हणजे त्यांची लेखणी होती. तीच त्यांची तेलाची कुपी.

दुसरे उदाहरण आमच्याच राज्यात महू येथे जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनचा अभ्यास चालू असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली व १९१७ साली त्यांना तो अर्धा टाकून परतावे लागले. त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठविले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने ५,००० रुपये कर्जाऊ दिले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली डी.एस्सी. होऊन त्यांनी तो अभ्यास पुरा केला. स्वतःची बचत, थोरांचा आधार आणि मित्राचे कर्ज अशी तीन भांडी त्यांना जमवावी लागली.

परंतु चौथे भांडे कोणते, हे आपण विसरतो. ते लंडनला शिकत असताना मुंबईच्या चाळीत रमाबाई आंबेडकर घर चालवीत होत्या. त्या काटकसरीची पावती कोणी दिली नव्हती. रमाबाई १९३५ साली गेल्या. पाकिस्तानच्या प्रश्नावरचा १९४० सालचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. एवढ्या विद्वान माणसाला आपले सर्वांत मोठे ऋण कोणाचे, हे ठाऊक होते, आणि ते त्यांनी छापून जगापुढे मान्य केले.

तिसरा विचार : कागदावर नसलेले ऋण अधिक पवित्र मानावे.

बँकेच्या कर्जाला कागद असतो, सही असते, तारीख असते. बहिणीच्या थांबण्याला यातले काही नसते. म्हणून ते ऋण बुडविणे फार सोपे जाते. प्रीतीच्या ऋणाखेरीज कोणाच्या ऋणात राहू नये, असे प्रेषित पौल रोमकरांस पत्र १३:८ मध्ये सांगतो. प्रीतीचे ऋण फेडावे लागत नाही, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. ते रोज फेडावे, आणि तरी संपू नये, असा त्याचा अर्थ आहे. पौलाने अनेसिमाचे देणे स्वतःच्या नावे मांडायला फिलेमोनास सांगितले, आणि तसे स्वतःच्या हाताने लिहूनही दिले. तोंडी गोड बोलून तो थांबला नाही.

त्या विधवेने आणलेली भांडी शेजाऱ्यांची होती. ती परत गेली की नाही, हे शास्त्र सांगत नाही. मला मात्र वाटते की ती घासूनपुसून परत गेली असतील, आणि एखाद्या गरीब शेजारणीचे भांडे रिकामे गेले नसेल.

त्या रविवारी मी त्या बंधूंना सांगितले, "कर्ज काढणे पाप नाही. पाप माझ्याकडून झाले आहे." मग दारापाशी जाऊन त्या मुलीची क्षमा मागितली. ती म्हणाली, "पाळकसाहेब, थांबावे असे मलाही तेव्हा वाटले असते. पण मला कोणी विचारले नाही." हे वाक्य अजून माझ्या कानांत आहे.

त्याच संध्याकाळी मी तिच्या भावाला फोन केला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला वाटले, ती आनंदाने थांबली." कर्ज तिच्या नावे व वडील सहकर्जदार, असे ठरले. तिची संस्था व्याजसवलतीत बसत नव्हती. तेव्हा चार वर्षांचे व्याज दरमहा भरण्याचे भावाने पत्करले, आणि ते वडिलांच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिले. पहिल्या महिन्याचे पैसे आले आहेत. पुढचे येतील की नाही, हे मी आज सांगू शकत नाही. चार वर्षे म्हणजे अठ्ठेचाळीस महिने, आणि प्रत्येक महिन्यात त्याच्या प्रीतीची परीक्षा आहे. त्याच्यासाठी प्रार्थना करा.

मंडळीनेही आपला वाटा ओळखावा. आमच्या गावात १६१५ च्या सुमारास बांधलेला कुंडी भंडारा आहे. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखाली अडवून, शंभरावर कुंड्या आतल्या बोगद्याने जोडून, ते गावापर्यंत आणले. वरून पाहता प्रत्येक कुंडी एकटी दिसते. खाली पाणी एकच आहे. मंडळी अशी असावी. अर्ज भरता येणाऱ्याने न येणाऱ्याचा भरावा. बँकेत काम केलेल्याने बरोबर जावे. ज्याचे मूल शिकून कमावते झाले, त्याने दुसऱ्याच्या मुलाची एका वर्षाची पुस्तके घ्यावी. शेजाऱ्यांनी भांडी दिली नसती, तर ते तेल कुठे मावले असते?

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मोठ्या वर्गात तीन प्रश्न विचारावेत. माझ्या शिक्षणाचा यंदाचा खर्च किती, हे मला ठाऊक आहे काय? माझ्यासाठी घरात कोण थांबले आहे? त्याला मी कधी विचारले काय? उत्तरे वर्गात मागू नयेत. मुलांनी ती घरी जाऊन द्यावीत.

प्रार्थना : हे प्रभू, आमचे सर्व देणे तू वधस्तंभावर फेडलेस. आम्हांला प्रामाणिक ऋणको कर. ज्यांनी आमच्यासाठी मुकाट्याने सोसले, त्यांचा हिशेब आम्हांला विसरू देऊ नकोस. आमच्या मुलामुलींना ज्ञान दे, आणि ज्ञानाबरोबर कृतज्ञता दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.