न पेटलेल्या आगीवरची सही

मराठी वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला ‘डॅमेज कंट्रोल’ हा शब्द नवा नाही. एखादा नेता नको ते बोलून बसतो, दुसऱ्या दिवशी पक्ष सारवासारव करतो, त्याला आपण डॅमेज कंट्रोल म्हणतो. म्हणजे नुकसान झाल्यानंतरची धावपळ. माझा हा समज गावच्या एका मित्राने उलटा केला. तो नौदलात आहे, आणि जहाजावर या शब्दाचा बहुतेक अर्थ नुकसान होण्याआधीचा आहे.

मागच्या दिवाळीत तो सुट्टीवर करडीला आला होता. संध्याकाळी आम्ही तलावाच्या पाळीवर बसलो होतो, तेव्हा त्याने लोणावळ्याच्या प्रशिक्षणाबद्दल सांगितलं. तिथे आयएनएस शिवाजी या नौदलाच्या तळावर या कामासाठी वेगळी शाळा आहे. गोवा शिपयार्डने बनवलेला एक सिम्युलेटरही आहे, जहाजाच्या कप्प्यांची लोखंडी प्रतिकृतीच. ती डोलते, एका अंगाला कलते, दिवे जातात आणि भिंतींच्या भोकांतून पाणी जोरात आत घुसतं. पाणी अंगावर चढत असताना लाकडी गुट्टे आणि पाचरी ठोकून भोकं बुजवायची, वाकू पाहणाऱ्या भिंतीला लाकडी टेके द्यायचे. “पहिल्या खेपेले मी घाबरून नुसताच उभा राहिलो,” तो म्हणाला. “नंतर नंतर डोक्याले विचारावंच लागे ना, हातच काम करत.” मग त्याने विचारलं, “तुमच्या कंपनीत असं काही असते का?”

मी म्हटलं, असतं. पुढचं सांगितलं नाही.

पुढचं असं. दर तीन महिन्यांनी आम्ही साठवलेला बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून तो खरंच चालतो का ते पाहायचं असतं. पाहून झालं की फॉर्म भरायचा. मागच्या दोन वेळा मी फक्त फॉर्म भरला होता. काम खूप होतं, रिलीज तोंडावर होतं, आणि बॅकअप रोज व्यवस्थित होत असल्याचे संदेश येतच होते. काही बिघडलं नाही. कोणाचं नुकसान झालं नाही.

तर प्रश्न असा, की जे घडलंच नाही त्याबद्दल मी दोषी आहे का?

व्यवहारी उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि जग त्यावरच चालतं. समजा दोन माणसांनी तोच खोटा फॉर्म भरला. एकाच्या वाट्याला आग आली, दुसऱ्याच्या नाही. पहिल्याला आपण गुन्हेगार म्हणतो, दुसऱ्याला बढती मिळते. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी १९७६ साली याच कोड्याला नाव दिलं, नैतिक नशीब. जे आपल्या हातात नव्हतं त्यावरून आपली नैतिक किंमत ठरावी, हे पटत नाही. पण आपण रोज तसंच ठरवतो. मला वाटतं, या दोघांत फरक फक्त परिणामांचा आहे. कृती एकच आहे, आणि ती कृती म्हणजे पुढे कधीतरी संकटात सापडणाऱ्या एका अनोळखी माणसाला आज दिलेला खोटा शब्द. तो माणूस कधी आलाच नाही, म्हणून शब्द खरा होत नाही.

पण इथेच थांबलं तर प्रश्न फार सोपा होतो. खरी नोंद केली की जबाबदारी संपली, असं त्यातून निघतं. तसं नाही, हे एका जहाजाने दाखवलं. १२ जुलै २०२० रोजी अमेरिकेच्या सॅन डिएगो बंदरात ‘बॉनॉम रिचर्ड’ ही युद्धनौका पेटली. चार दिवसांहून जास्त जळत राहिली आणि शेवटी भंगारात गेली. चौकशीत दिसलं की आगीच्या लागोपाठ १४ कवायतींत जहाजावरच्या लोकांना ठरलेल्या वेळेत आगीपर्यंत पोचता आलं नव्हतं. फेस सोडण्याची यंत्रणा सुरू करणारं बटण कोणी दाबलंच नाही. त्या १४ नोंदी खोट्या नव्हत्या. अपयश खरेपणाने लिहिलेलं होतं, पण लिहिलेलं वाचून कोणी काही केलं नाही. म्हणजे तयारीला दोन माणसं लागतात, खरं लिहिणारा आणि ते वाचून अस्वस्थ होणारा. माझा फॉर्म कोणी वाचत नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी तो तसा भरला. याने माझा दोष कमी होत नाही. त्यात भागीदार मात्र वाढतात.

त्या जहाजाबद्दल आणखी एक गोष्ट. ते समुद्रात नव्हतं, दुरुस्तीसाठी धक्क्याला लागलेलं होतं. आपल्याकडे मुंबईत पाहिलं तर तेच चित्र दिसतं. २०११ च्या जानेवारीत ‘विंध्यगिरी’ मुंबईजवळ एका मालवाहू जहाजावर आदळली, तिला आग लागली आणि अखेर ती धक्क्यावरच बुडाली. १४ ऑगस्ट २०१३ ला ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीत गोदीत स्फोट झाले, १८ नौसैनिक गेले. २१ जुलै २०२४ ला दुरुस्तीत असलेली ‘ब्रह्मपुत्रा’ पेटली. आग आटोक्यात आल्यावर ती एका कुशीवर कलंडली आणि एक नौसैनिक गेला.

किनाऱ्याला आल्यावर जहाज धोक्यात का येतं? मित्राने सांगितलं ते असं. दुरुस्तीत बाहेरचे कामगार येतात, वेल्डिंग चालतं, दारांतून केबल आणि नळ्या ओढलेल्या असतात, त्यामुळे दारं घट्ट बंद होत नाहीत. यंत्रणा अर्ध्या बंद असतात, आणि बरेच लोक रात्री घरी गेलेले असतात. मला यात एक नैतिक कारणही दिसतं. भर समुद्रात सही करणारा आणि बुडणारा एकच असतो. खोटी सही केली तर रात्री त्याच कप्प्यात झोपायचं असतं. किनाऱ्यावर ही दोन माणसं वेगळी होतात. सही एकाची, जीव दुसऱ्याचा. तयारी ढिली पडते ती इथे.

आणि आपण बाकीचे सगळे तर कायमचे किनाऱ्यावरच आहोत. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. १० बाळं गेली, ७ वाचवता आली. आमच्या भागातल्या घराघरांत तेव्हा काय वातावरण होतं ते मी पाहिलं आहे. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासण्यांचे आदेश निघाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग जळाला. कोणा एकाकडे बोट दाखवायला मी हे लिहीत नाही. मला एवढंच म्हणायचं आहे, की काचेच्या पेटीत झोपलेलं बाळ कोणत्याही कवायतीत भाग घेऊ शकत नाही. त्याची सगळी तयारी दुसऱ्या कोणीतरी करायची असते. ज्याला स्वतःला धोका नाही त्याच्यावर तयारीचं कर्तव्य जास्त असतं, कारण त्याला भीती आठवण करून देणार नाही.

मग जबाबदार कोण? २६ फेब्रुवारी २०१४ ला ‘सिंधुरत्न’ पाणबुडीत धूर झाला आणि दोन अधिकारी गेले. त्याच दिवशी नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. ‘बॉनॉम रिचर्ड’च्या चौकशीत ३६ जणांकडे बोट दाखवलं गेलं, त्यांत अ‍ॅडमिरलही होते. पण आग लावल्याचा खटला चालला तो एका तरुण नौसैनिकावर, आणि २०२२ मध्ये तो निर्दोष सुटला. सगळ्यात वरच्याने पद सोडावं की सगळ्यात खालच्याला पकडावं? दोन्हींत एक सोय आहे. मधल्या सगळ्या सह्या सुटून जातात. माझी सही अशीच मधली आहे.

तलावाच्या पाळीवर बसून हे सगळं बोलायला एक कारण होतं. आमचा जिल्हा तलावांचा. जुने मालगुजारी तलाव गावाने सांभाळले. पाणी वाटायला पाणकर असायचा, तुडूम कधी उघडायचं ते ठरलेलं असायचं. पाळ फुटली तर आपल्याच धानाच्या बांध्या वाहून जाणार, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि डागडुजी कोणाची हा प्रश्न उरला. मालगुजारी परत यावी असं मी म्हणणार नाही, तिच्यात अन्याय होताच. पण राखणारा आणि भोगणारा वेगळे झाले की काय होतं, ते गाळाने भरलेल्या तलावांत दिसतं.

पुण्याला परत आल्यावर एका शनिवारी मी बॅकअप खरोखर उतरवून पाहिला. पहाटेपर्यंत बसलो. एक भाग उघडेना. ती चूक मागच्या दोन्ही फॉर्मच्या वेळीही तिथेच होती. सोमवारी मी वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, “बरं झालं, आत्ता कळलं. दुरुस्त करून टाक.” मी म्हटलं, आधीचे दोन फॉर्मही दुरुस्त करायचे आहेत. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. “त्याची काय गरज आहे? काही झालं तर नाही ना?”

हाच तो प्रश्न. त्या दोन नोंदींपुढे आता ‘चाचणी केली नव्हती’ असं लिहिलेलं आहे, खाली माझं नाव आहे. त्याचा वार्षिक मूल्यमापनावर काय परिणाम होईल ते मार्चमध्ये कळेल. पुढची चाचणी त्याआधी आहे, आणि या वेळी माझा फॉर्म वाचायचं एका सहकाऱ्याने कबूल केलं आहे. तिचा मी वाचणार आहे.