काळजी करणे आणि काळजी घेणे



ज्या घरात एक-दोन वर्षांचे लेकरू आहे, त्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येते, “याच्या अंगी काही लागतच नाही.” आई हे वाक्य काळजीने बोलते, आजी तक्रारीने बोलते आणि शेजारीण कधी कधी नुसते बोलायचे म्हणून बोलते. लेकरू खाते किती, शेजारच्या लेकरापेक्षा हलके का, मागच्या महिन्यापेक्षा वजन वाढले की नाही, या प्रश्नांनी तरुण आईवडिलांची झोप उडते. आपल्या उंद्रीत असो की चिखली-खामगावसारख्या शहरात, ही काळजी सगळीकडे सारखीच.

या साध्या वाटणाऱ्या विषयावर आम्ही आज लिहीत आहोत, कारण त्याच्या पोटात श्रद्धेचा एक खरा प्रश्न दडलेला आहे. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने आपल्याला अन्नवस्त्राची चिंता करू नका असे बजावले आहे. मग लेकराच्या वजनाने अस्वस्थ होणारी आई अल्पविश्वासी ठरते काय? आणि जी माणसे ‘देव बघून घेईल’ असे म्हणून स्वस्थ बसतात, ती अधिक श्रद्धावान ठरतात काय?

त्याच प्रवचनात प्रभूने विचारले आहे की, चिंता करून माणसाला आपल्यात काय वाढवता येते (मत्तय 6:27). मूळ ग्रीक भाषेत तेथे ‘हेलिकिया’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ आयुष्य असा होतो, तसाच शरीराची उंची, वाढ असाही होतो. म्हणूनच काही भाषांतरांत तेथे आयुष्याचा, तर काहींत उंचीचा उल्लेख सापडतो. गंमत अशी की, हाच शब्द संत लूक यांनी नाझरेथमधील येशूविषयी वापरला आहे. येशू ज्ञानाने आणि ‘हेलिकिया’ने वाढत गेला, असे ते सांगतात (लूक 2:52). म्हणजे देवाचा पुत्रदेखील एका रात्रीत मोठा झाला नाही. तोही इतर लेकरांसारखा दिसामाशी वाढला. पवित्र मरियेने त्याला दूध पाजले, घास भरवले आणि त्याचा अंगरखा आखूड झालेला तिनेही पाहिला असेल. वाढ ही देवाची देणगी आहे. चिंतेने ती बोटभरही वाढत नाही.

परंतु शुभवर्तमान येथेच थांबत नाही. याइराच्या बारा वर्षांच्या मुलीला प्रभूने मरणातून उठवले, तो प्रसंग आपण अनेकदा ऐकला आहे. चमत्कार झाला, घरातले सगळे थक्क होऊन उभे राहिले. त्या क्षणी प्रभूला काय आठवले? तिला काहीतरी खायला द्या, असे त्याने सांगितले (लूक 8:55). ज्याने प्राण परत दिले, त्याला भाकरी देणे काही अवघड नव्हते. तरीही ते काम त्याने आईवडिलांकडे सोपवले. देव आपले काम करतो, आपले काम मात्र तो आपल्यासाठीच ठेवतो.

आपल्या मराठी भाषेत या दोन गोष्टींचे नाते फार छान सांगितलेले आहे. ‘काळजी’ हा शब्द एकच, पण ‘काळजी करणे’ वेगळे आणि ‘काळजी घेणे’ वेगळे. काळजी करणारा जागच्या जागी झुरतो. काळजी घेणारा उठून काहीतरी करतो. हेरोदाच्या तलवारीची खबर स्वप्नात कळली तेव्हा संत योसेफ कपाळाला हात लावून बसले नाहीत. ते रात्रीच उठले आणि बाळाला व त्याच्या आईला घेऊन मिसर देशाच्या वाटेला लागले. प्रभूने आपल्याला काळजी करण्यापासून सोडवले आहे, ते आपण काळजी घ्यायला मोकळे व्हावे म्हणून.

आता लेकराच्या वजनाकडे या नजरेने पाहू. पहिली गोष्ट ही की, आपली बरीचशी काळजी माहितीअभावी असते. जन्मताना साधारण तीन किलोचे असलेले बाळ वर्षभरात जवळजवळ तिप्पट होते. मुलीचे वजन तेव्हा सरासरी 8.9 किलो आणि मुलाचे 9.6 किलो असते. दुसऱ्या वर्षात मात्र ही गती एकदम मंदावते. दोन वर्षांची मुलगी सरासरी 11.5 किलोची आणि मुलगा 12.2 किलोचा भरतो. म्हणजे पहिल्या वर्षात पाच-सहा किलो आणि दुसऱ्या वर्षात जेमतेम अडीच किलो! लेकरू चालू लागते, घरभर धावते, अंगाने जरा उतरल्यासारखे दिसते आणि पूर्वीइतके खातही नाही. आई घाबरते, पण निरोगी लेकराच्या बाबतीत हा वाढीचा नेहमीचाच क्रम आहे. शिवाय हे आकडे सरासरीचे आहेत. दोन वर्षांची नऊ-साडेनऊ किलोची मुलगी लहानखुरी असली, तरी तिची रेषा दर महिन्याला आपल्या वाटेने वर चढत असेल आणि ती खेळतीहसती असेल, तर सहसा भिण्याचे कारण नसते. एका दिवसाच्या वजनापेक्षा सहा महिन्यांची चढती रेषा अधिक बोलकी असते.

हे न कळल्यामुळे घरोघरी काय घडते, ते आपण पाहतो. लेकराचे हात धरून, नाक दाबून घास कोंबला जातो. जेवणाची वेळ ही भांडणाची वेळ होते. महागडे पावडरीचे डबे आणि टॉनिकच्या बाटल्या उधारीवर आणल्या जातात. उलट ‘काहीतरी पोटात जाऊ दे’ म्हणून दिवसभर चहा-बिस्किट आणि पुड्यातला खाऊ दिला जातो, त्याने भूक मरते आणि भाकरी राहून जाते. खरे तर लहान पोटाला थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा लागते. वरणात कुस्करलेली भाकरी, मुगाची खिचडी, वर चमचाभर तेल किंवा तूप, अंडे, केळे, शेंगदाण्याचे कूट आणि गूळ, हे सारे आपल्याच घरात आणि शिवारात आहे. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करावे आणि अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे. भरवणाऱ्याचे हात साबणाने धुतलेले असावेत, कारण वारंवार होणारे जुलाब खाल्लेले सगळे वाहून नेतात.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. काटा लेकराला तोलतो, पण घरातली माणसे मात्र त्या काट्यावर आईला उभी करतात. “आमची पोरं कशी गुटगुटीत होती! हिलाच जमत नाही,” हे शब्द सुनेच्या कानावर रोज पडतात. हा न्याय नव्हे. लेकराचे वजन त्याच्या जन्माच्या आधीपासून ठरू लागते. लग्न लवकर झालेले, अंगात रक्त कमी, गरोदरपणातही शेवटपर्यंत सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी, आणि घरात सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरेल ते ताटात, अशा आईच्या पोटी बाळ कमी वजनाचे जन्मले, तर जाब कोणाला विचारायचा? आपण आधी स्वतःला विचारायला हवा. बाळाच्या वजनाची काळजी खरोखरच असेल, तर ती बाळाच्या आईच्या ताटापासून सुरू झाली पाहिजे. ज्या घरात मुलाला दुधाची वाटी आणि मुलीला नुसता चहा मिळतो, त्या घराने तर रात्रीच्या प्रार्थनेत हा प्रश्न देवासमोर ठेवावा. दोघांनाही एकाच बाप्तिस्म्याच्या पाण्याने आपण देवाची लेकरे म्हणून स्वीकारले आहे. आणि वडिलांनो, लेकराला भरवणे, अंगणवाडीत नेणे, दवाखान्याच्या रांगेत उभे राहणे हे बायकांचे काम, असे संत योसेफ यांनी मानले नसते.

तिसरी गोष्ट याच्या उलट बाजूची आहे. काही घरांत अति काळजी, तर काही घरांत मुळीच नाही, आणि त्या निष्काळजीपणाला श्रद्धेचे नाव दिले जाते. “आमच्याकडे सगळे असेच लहानखुरे,” “वजन केले की नजर लागते,” “देवाची इच्छा” ही वाक्ये आम्ही ख्रिस्ती घरांतही ऐकली आहेत. पण लेकराची उपासमार ही देवाची इच्छा कशी असेल? जागतिक आरोग्य संघटनेने 1997 ते 2003 या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील सुमारे साडेआठ हजार मुलांची मोजमापे घेतली. ज्यांना आईचे दूध, पुरेसे अन्न आणि निरोगी परिसर मिळाला, अशी ही मुले होती. त्यांची उंची सहाही देशांत जवळजवळ सारखीच वाढते, असे आढळले. त्यावरूनच 2006 मध्ये वाढीचे नवे तक्ते तयार झाले, आणि पुढे तेच आपल्या अंगणवाड्यांत आले. या शोधाचा अर्थ आम्हाला धर्मशिक्षणाच्या धड्याइतका मोलाचा वाटतो. देवाने दिल्लीच्या बाळासाठी एक आणि नॉर्वेच्या बाळासाठी दुसरे, असे माप ठेवलेले नाही. पहिल्या पाच वर्षांत जो फरक पडतो, तो बहुतांशी ताटातला, पाण्यातला आणि आजारातला असतो. म्हणजेच तो माणसांनी पाडलेला असतो आणि माणसांना मिटवता येतो.

म्हणून लेकराचे वजन दोन-तीन महिने वाढलेच नाही, ते मलूल झाले, खेळेनासे झाले किंवा पायांवर सूज दिसली, तर नवस आणि उतारे यांत वेळ घालवू नये. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या दंडाचा घेर मोजण्याची रंगीत पट्टी अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडे असते. घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषणाचे लक्षण असते. अशा बाळाला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. प्रार्थना जरूर करावी, वाटेत चालता चालताही करता येते.

आतापर्यंत आपण आपल्या घरातल्या लेकराविषयी बोललो. पण ख्रिस्ती माणसाची काळजी उंबरठ्यावर थांबत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील 36.1 टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची होती आणि 35.2 टक्के मुलांची उंची खुंटलेली होती. शंभरातली पस्तीस-छत्तीस मुले! अंगणवाडीची योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. 2005 मध्ये आपल्या राज्याने माता-बालकांच्या आरोग्य व पोषणासाठी खास मिशन सुरू केले आणि त्याला राजमाता जिजाऊंचे नाव दिले. जिजाऊ आपल्याच जिल्ह्यातल्या, सिंदखेडराजाच्या लेक. ज्या मातीने अशी आई दिली, त्या मातीत एखादी आई दोन वर्षांचे लेकरू सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या हवाली करून पहाटे मजुरीला जाते, आणि त्या लेकराचे वजन कोणी पाहिलेलेच नसते. त्या आईला काळजी नाही असे नव्हे. काळजी करायला तिच्याकडे रात्र आहे. काळजी घ्यायला मात्र दिवस उरलेला नाही.

आपले धष्टपुष्ट बाळ अर्ध्या किलोने कमी भरले म्हणून आपण बेचैन होतो, आणि चार घरे पलीकडचे बाळ खरोखर वाळत असताना आपल्याला ते दिसत नाही. भुकेल्याला दिलेले मला दिले, असे सांगणाऱ्या प्रभूसमोर या दोन वजनांचा हिशेब आपल्याला द्यावा लागेल. यासाठी फार मोठे काही करायला नको. शेजारचे लेकरू आपल्या लेकराबरोबर जेवायला बसवता येईल. मजुरीला गेलेल्या आईच्या बाळाला अंगणवाडीत सोडता-आणता येईल. वजनाच्या दिवशी दोन घरांना हाक मारता येईल. वाळलेले बाळ दिसले, तर आईला दोष न देता तिच्यासोबत दवाखान्यात जाता येईल.

आणि एक शब्द त्या आईवडिलांसाठी, ज्यांनी सर्व काही केले आणि तरीही ज्यांचे लेकरू आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे तक्त्यावरच्या रेषेला कधीच पोहोचणार नाही. तुमचे काही चुकलेले नाही. देवाच्या दरबारात माणसाचे मोल किलोंमध्ये होत नाही. प्रभूने शिष्यांच्या मधोमध उभे केले ते एक लहान बालक होते, आणि त्याचे वजन कोणी विचारले नव्हते.

जुन्या करारात हन्नाची हकीकत आहे. नवसाने झालेला शमुवेल तिने देवाच्या मंदिरात अर्पण केला. मुलगा डोळ्यांआड राहत होता. तरी दरवर्षी ती त्याच्यासाठी एक लहान झगा शिवून नेत असे (1 शमुवेल 2:19). मागच्या वर्षीचा झगा यंदा पुरणार नाही, हे तिला ठाऊक होते. किती वाढला असेल याचा ती मनाशी अंदाज बांधत असेल, आणि दर वर्षी कापड थोडे अधिक घेत असेल. लेकरू देवाचे आहे यावर तिचा पूर्ण विश्वास होता, आणि म्हणूनच तिचे हात रिकामे नव्हते.

हन्नाची ही श्रद्धा परमेश्वर आपल्या प्रत्येक आईवडिलांना देवो, आणि आपल्या धर्मग्रामातील व गावातील एकही लेकरू कोणाच्या नजरेतून सुटू नये, हीच प्रार्थना.